आजोबांचा फोटो टिकला, मग सीडीवरचे फोटो कुठे गेले?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात आजोबांचा १९४०च्या दशकातला कृष्णधवल फोटो आहे आणि तो अजून खणखणीत आहे. आई-वडिलांचे १९७०च्या दशकातले रंगीत फोटो मात्र लालसर पडले आहेत. २००४ मध्ये डिजिटल कॅमेऱ्याने काढलेले फोटो सीडीवर उतरवून ठेवले होते, ती सीडी आता उघडत नाही. मग टिकाऊ नक्की काय? जुने फोटो स्कॅन करून मूळ प्रती टाकून दिल्या तर चालेल का? आणि मोबाईलमध्ये साठलेल्या हजारो फोटोंचं काय करायचं?

तुमच्या घरात आत्ता सगळ्यात जास्त धोका त्या सीडीला आहे, त्याखालोखाल लालसर पडलेल्या रंगीत फोटोंना. आजोबांची काळजी नको. जुने फोटो दुरुस्त करणं, स्कॅन करणं हेच माझं काम असल्यामुळे हा प्रश्न मला सतत कुठल्या ना कुठल्या रूपात ऐकायला मिळतो, आणि विचारणाऱ्याने बहुतेक वेळा मनाशी धरलेलं असतं की जुनं ते टिकाऊ आणि नवं ते तकलादू. हे तितकंसं खरं नाही. जुन्या फोटोंपैकी जे टिकले तेवढेच आपल्या डोळ्यांसमोर आहेत. जे उडाले, चिकटले, बुरशीने खाल्ले, ते आता कुठल्याच अल्बममध्ये नाहीत, म्हणून त्यांची आठवणही होत नाही.

फोटो फिका पडण्याची तक्रार जवळजवळ फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. १८३९ मध्ये फ्रान्सच्या लुई दागेरच्या फोटो काढण्याच्या पद्धतीची घोषणा झाली, आणि १८५५ मध्ये लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीला कागदावरची चित्रं फिकी का पडतात हे शोधण्यासाठी चक्क समिती नेमावी लागली. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी त्या कामासाठी ५० पौंड दिले होते. समितीला जे सापडलं ते आजही तसंच लागू आहे : फिक्स केल्यानंतर, म्हणजे चित्र कायम करण्याच्या टप्प्यानंतर, त्यासाठी वापरलेला हायपो (गंधक असलेलं रसायन) नीट धुऊन निघाला नाही तर मागे राहिलेलं गंधक चित्रातल्या चांदीवर हल्ला करतं, आणि दमट हवा त्याला हातभार लावते.

कृष्णधवल फोटोतला काळा हा रंग नसतोच. ते धातुरूप चांदीचे अतिसूक्ष्म कण असतात, जिलेटिनच्या पातळ थरात अडकलेले. त्याखाली बेरियम सल्फेटचा पांढराशुभ्र थर आणि त्याखाली जाड कागद. चांदी आपणहून कुठे जात नाही. गंधक किंवा ऑक्सिडीकरण करणारे वायू मिळाले तरच ती बिघडते. त्यामुळे डार्करूममध्ये ज्याने तो फोटो पुरेसा वेळ फिक्स केला आणि वाहत्या पाण्यात धीराने धुतला, त्याची मेहनत तुम्ही आज पाहताय. त्याच वर्षी, त्याच कंपनीच्या कागदावर, घाईत धुतलेला दुसरा फोटो डागाळून पिवळा पडलेला असू शकतो.

घरच्या घरी एक तपासणी करता येते. फोटो खिडकीजवळ नेऊन तिरका धरा. काळ्या भागात, विशेषतः कडांना, आरशासारखी निळसर चकाकी दिसली तर चांदी वर येऊ लागली आहे असं समजा. हलक्या पुठ्ठ्याची चौकट, ताजा ऑइलपेंट, नव्या प्लायवुडचं कपाट, यातून निघणारे वायू याला कारणीभूत असतात. ती चकाकी कापडाने पुसायला जाऊ नका, सोबत चित्रही जाईल. फोटो तिथून हलवून चांगल्या कागदाच्या पाकिटात ठेवला की बिघाड मंदावतो. आणि तपकिरी फोटो दिसला की तो ‘जुना झाला’ असं लगेच म्हणू नका. सेपिया टोनिंगमध्ये चांदीचं मुद्दाम सिल्व्हर सल्फाइड केलेलं असतं आणि ते चांदीपेक्षाही स्थिर असतं. काळे भाग गडद, चित्र एकसारखं तपकिरी आणि पांढरा भाग स्वच्छ असेल तर तो टोन केलेला फोटो. पांढरे भाग पिवळे आणि चेहऱ्यांचे तपशील उडालेले असतील तर तो बिघडलेला.

आता रंगीत फोटो. इथे बहुतेकांची समजूत चुकते. रंगीत प्रिंट तयार होताना चांदी फक्त मधल्या टप्प्यात असते. ब्लीच करून ती काढून टाकतात आणि मागे उरतात तीन सेंद्रिय रंजकं : निळसर (सायन), किरमिजी (मॅजेंटा) आणि पिवळं. ही तिन्ही एकाच वेगाने उडत नाहीत. १९७०च्या दशकातल्या बऱ्याच कागदांमध्ये सायन रंजक इतकं कच्चं होतं की फोटो बंद अल्बममध्ये, पूर्ण अंधारात असला तरी ते विरत जायचं. सायन गेला की उरतो लालसर-नारिंगी चेहरा. ‘आम्ही तर ऊन लागूच दिलं नाही’ असं लोक म्हणतात ते खरंच असतं. हा उन्हाचा दोष नाही. भिंतीवर टांगलेल्या फोटोची तऱ्हा निराळी, तिथे उजेडाने बहुधा किरमिजी आधी जातो. कोडॅकने १९४२ मध्ये कोडाकलर निगेटिव्ह आणि प्रिंट आणली, त्यानंतरच्या दहाएक वर्षांतल्या प्रिंट तर आज पिवळ्या डागांखाली गाडल्या गेल्या आहेत. याउलट कोडाक्रोम (१९३५) स्लाइड अंधारात ठेवल्या तर अजूनही ताज्या दिसतात, फक्त त्या प्रोजेक्टरवर पुनःपुन्हा दाखवलेल्या नसाव्यात. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून कागद खूप सुधारले. त्यामुळे एकाच घरात १९९८ चा अल्बम ठीक आणि १९७६ चा अल्बम लाल, असं चित्र दिसतं.

सायन पूर्ण नाहीसा झालेला नसतो तोवर स्कॅन करून तो बऱ्यापैकी परत आणता येतो, कारण थोडं का होईना, चित्र त्या थरात शिल्लक असतं. ते एका मर्यादेखाली गेलं की कुठलंही सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही. म्हणून हे फोटो आधी हाती घ्या. ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), प्रत्येक रंगाला १६ बिट ठेवून, टिफ फाईलमध्ये (तपशील न गाळणारा फाईल-प्रकार) स्कॅन करा, आणि स्कॅनरची ‘आपोआप सुधारणा’ बंद ठेवा. पासपोर्टएवढा लहान फोटो असेल तर १२०० डीपीआय. त्याहून वर जाण्यात सहसा काही हाशील नाही, कागदावर तेवढा तपशीलच नसतो. बारीक खडबडीत पोताच्या ‘सिल्क’ कागदावरचे फोटो स्कॅनरवर चमकतात. ते एकदा सरळ आणि एकदा १८० अंशांत फिरवून स्कॅन करावेत आणि दोन्ही स्कॅन एकमेकांवर जुळवावेत म्हणजे चमक बरीच निघून जाते. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा चांगला उपाय नाही.

फोटो ज्या अल्बममध्ये आहेत तो कसला आहे तेही पाहा. चिकट पट्ट्यांची पानं आणि वर पारदर्शक प्लॅस्टिक असलेले अल्बम घरोघरी होते. माझ्या मते कौटुंबिक फोटोंचं जितकं नुकसान त्यांनी केलं तितकं पुराने किंवा वाळवीनेही केलं नसेल. डिंक पिवळा पडतो, कागदात उतरतो, आणि वरचं प्लॅस्टिक पीव्हीसीचं असेल तर त्यातून निघणारी द्रव्यं फोटोच्या पृष्ठभागाला चिकटतात. फोटो सहज सुटत असतील तर आजच काढा. सुटत नसतील तर ओढू नका. मेणाचा बारीक दोरा (दात साफ करायला वापरतात तो) फोटोच्या मागून हळूहळू सरकवत नेला की बऱ्याचदा सुटतात. तरीही अडले तर पानासकट स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटोही काचेसकटच स्कॅन करायचा, पाण्यात बुडवून प्रयोग करायचे नाहीत. नवीन पाकिटं घेताना प्लॅस्टिक पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचं आहे ना ते विचारा. ‘आर्काइव्हल’ हा शब्द कुणीही छापू शकतो, पण फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट नावाची खरी चाचणी आहे, आयएसओ १८९१६. ती उत्तीर्ण असल्याचं लिहिलेलं असेल तर विश्वास ठेवा. लॅमिनेशन मात्र कधीही नको.

जागेचं गणित सोपं आहे. माळा तापतो, तळमजल्याची भिंत ओल धरते. दोन्ही टाळून घरातल्या आतल्या खोलीतलं कपाट बरं. आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत असावी. ती ६५-७० च्या वर बराच काळ राहिली की जिलेटिनवर बुरशी येणारच, कारण जिलेटिन हे बुरशीचं अन्नच आहे. तापमान पाच-सहा अंशांनी कमी झालं की रंग उडण्याचा वेग ढोबळमानाने निम्म्यावर येतो.

निगेटिव्ह फेकू नका. प्रिंट कितीही लाल झालेली असली तरी निगेटिव्ह अनेकदा तिच्यापेक्षा चांगल्या अवस्थेत असते आणि तिच्यात तपशीलही जास्त असतो. पाकीट उघडल्यावर शिर्क्याचा वास आला तर ॲसिटेट फिल्म विघटित होऊ लागली आहे. तिला बाकीच्यांपासून वेगळी करा आणि लवकर स्कॅन करा, कारण तो आम्लाचा वायू शेजारच्या फिल्मलाही बिघडवतो. सेल्युलोज ट्रायॲसिटेट ही याच ॲसिटेट फिल्मची एक जात १९४८ मध्ये आली आणि एका दशकाच्या आतच तिच्या अशा विघटनाची पहिली तक्रार कोडॅककडे पोचली ती भारत सरकारकडून, उष्ण आणि दमट हवेत साठवलेल्या फिल्मबद्दल.

आता त्या सीडीकडे वळू. घरी लिहिलेल्या सीडीतही एक सेंद्रिय रंजकच असतं. लेझर त्यावर खुणा करतो. म्हणजे रंगीत प्रिंट आणि सीडी यांचं दुखणं एकाच जातीचं. फरक एवढाच की प्रिंटमधलं रंजक तीस टक्के गेलं तर आई-वडील लालसर दिसतात, आणि सीडीतलं गेलं तर काहीच दिसत नाही. शिवाय सीडीचा माहितीचा थर नाव लिहायच्या बाजूला, वॉर्निशच्या पातळ लेपाखाली असतो, त्यामुळे त्या बाजूला बॉलपेनने दाबून लिहिलेलं नाव हाच कित्येक सीडींचा काळ ठरतो. तुमची सीडी अजून टाकू नका. दोन-तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा; एका ड्राइव्हला न वाचता येणारी सीडी दुसरा वाचतो हे वरचेवर घडतं. ‘डीडीरेस्क्यू’ हे मोफत सॉफ्टवेअर खराब जागा सोडून बाकीचं वाचत जातं आणि मग खराब जागांवर पुन्हा प्रयत्न करतं. काही फोटो अर्धे मिळतील, खालचा भाग करडा. जेपेग फाईल (कॅमेऱ्यातल्या फोटोंचा नेहमीचा फाईल-प्रकार) अशीच मोडते.

डिजिटल फोटोचा मोठा गुण कबूल करायला हवा. त्याची नक्कल मुळाइतकीच अस्सल असते. दहाव्या नकलेतही एक बिट इकडचा तिकडे होत नाही, आणि हे कागदाला कधीच जमलं नाही. जेपेग ‘कॉपी केल्याने खराब होतो’ ही अफवा आहे. तो उघडून, बदल करून, पुन्हा जेपेगमध्येच सेव्ह केला तर मात्र दर वेळी थोडा उतरतो. फॉरमॅट कालबाह्य होईल ही भीती जेपेगच्या बाबतीत मला वाटत नाही, १९९२ पासूनच्या इतक्या फाईली जगात आहेत की तो वाचणारं काहीतरी कायम असेल. भीती वाटते ती एकाच कंपनीच्या बंदिस्त फॉरमॅटची. कोडॅकचीच फोटो सीडी १९९२ च्या सुमारास घराघरांतले फोटो जपण्यासाठी म्हणून बाजारात आली होती. आज तिच्यातली फाईल उघडायला खास प्रोग्रॅम शोधावा लागतो.

पण बिट अस्सल राहतात ते कुणीतरी त्यांची नक्कल करत राहिलं तर. आजोबांचा फोटो ऐंशी वर्षं पेटीत दुर्लक्षित पडून टिकला. हार्डडिस्क तशी पडून राहिली तर तिचे यांत्रिक भाग अडकतात. पेनड्राइव्ह आणि एसएसडीमध्ये (फिरते भाग नसलेली, चिपवरची डिस्क) माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज नसली की तो भार हळूहळू गळतो. घरगुती एसएसडीसाठीच्या जेईडीईसी (चिपची मानकं ठरवणारी संस्था) मानकात अपेक्षा एवढीच आहे की, लिहिण्याची मर्यादा संपलेली एसएसडी ३० अंशांना, वीज न देता, एक वर्ष माहिती धरून ठेवेल. नवी एसएसडी याहून पुष्कळ जास्त टिकते, पण ‘ड्रॉवरमध्ये ठेवून विसरा’ हे काम तिचं नाही. आणि डिस्क शाबूत राहिली तरी ती वाचणारं यंत्र लागतं. नासाच्या लुनार ऑर्बिटर यानांनी १९६६-६७ मध्ये चंद्राची छायाचित्रं पाठवली, ती टेपवर होती. टेप राहिल्या, त्या चालवणारी यंत्रं जवळपास नामशेष झाली. २००८ पासून एका गटाने जुनी, बंद पडलेली यंत्रं दुरुस्त करून ती चित्रं परत मिळवली. आपल्या घरच्या फोटोंसाठी एवढा खटाटोप कोण करणार?

क्लाउडवर ठेवलं की झालं, हेही अर्धंच खरं. मायस्पेस या सोशल नेटवर्कने २०१९ मध्ये सांगितलं की सर्व्हर बदलताना जुनी गाणी, व्हिडिओ आणि फोटो गेले. फोटो ठेवण्याच्या फ्लिकर या साइटने २०१८ च्या शेवटी मोफत खात्यांवर १,००० फोटोंची मर्यादा आणली. गूगलच्या नियमानुसार दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं काढून टाकलं जाऊ शकतं. यात कुणाची लबाडी नाही, अटी अशाच असतात. माझा सल्ला फोटोग्राफर मंडळींत रूढ असलेला ३-२-१ चाच आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात किंवा क्लाउडवर. डिस्क वर्षातून एकदा लावून पाहायची आणि काही वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवायची. आणि बॅकअप म्हणजे सिंक (दोन जागा आपोआप सारख्या ठेवणं) नव्हे. मोबाईलमधून पुसलेला फोटो सिंक केलेल्या जागेतूनही पुसला जातो. यावरून घराघरांत रडारड होते.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली प्रत मूळ समजू नका. ती लहान केलेली असते आणि तिच्यातली तारीख-वेळेची माहितीही काढलेली असते. मूळ हवं असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

स्कॅन करून मूळ फोटो टाकायचे का? नाही. २०११ च्या जपानमधल्या सुनामीनंतर चिखलातून लाखो फोटो गोळा झाले. स्वयंसेवकांनी ते पाण्याने धुऊन, वाळवून, शक्य तिथे घरच्यांना परत दिले. फुजीफिल्मनेही हे कसं करायचं ते लोकांना शिकवलं. जिलेटिन पाण्यासाठीच बनलेलं असतं, फोटो जन्मतोच पाण्यात, म्हणून हे जमलं. तेच खाऱ्या चिखलात बुडालेल्या हार्डडिस्कबाबत झालं नसतं. शिवाय स्कॅनमध्ये सगळं येत नाही : मागचं हस्ताक्षर, स्टुडिओचा शिक्का, पुठ्ठ्यावरचा उठाव. मागची बाजूही स्कॅन करा. हल्ली एआयने चेहरे ‘स्पष्ट’ करून देणारी ॲप आली आहेत; गंमत म्हणून वापरायला हरकत नाही, पण त्यातले डोळे आणि दात तुमच्या आजीचे नसतात, यंत्राने अंदाजाने बसवलेले असतात. ती फाईल वेगळ्या नावाने, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर पुढच्या पिढीला तीच आजी वाटेल.

मोबाईलमधल्या फोटोंचा खरा धोका त्यांची गर्दी हा आहे. इंटरनेटच्या रचनाकारांपैकी एक, विंट सर्फ यांनी २०१५ मध्ये लोकांना सांगितलं होतं की ज्या फोटोंची खरी किंमत वाटते ते छापून ठेवा. मी त्यात भर एवढीच घालेन की वर्षाला पन्नास-साठच निवडा. लॅबमध्ये रासायनिक कागदावर काढलेली आजची प्रिंट १९७६ च्या प्रिंटपेक्षा कितीतरी पक्की असते. घरी इंकजेटवर छापणार असाल तर रंगद्रव्याची (पिगमेंट) शाई हवी; साध्या डाय शाईची प्रिंट सच्छिद्र ‘झटपट सुकणाऱ्या’ कागदावर काढून उघडी ठेवली तर हवेतला ओझोनच तिचे रंग उडवतो.

प्रत्येक प्रिंटच्या मागे नावं, वर्ष, ठिकाण लिहा. जुन्या कागदी प्रिंटवर मऊ पेन्सिलीने, कडेला, दाब न देता. प्लॅस्टिकचा लेप असलेल्या नव्या कागदावर पेन्सिल उमटत नाही, तिथे पिगमेंट शाईचं बारीक पेन वापरा आणि पूर्ण वाळल्याशिवाय फोटो एकावर एक ठेवू नका. डिजिटल फाईलमध्ये हीच माहिती आयपीटीसीच्या (फाईलमध्येच माहिती लिहून ठेवण्याची एक ठरलेली पद्धत) वर्णनाच्या रकान्यात जाते, तो बहुतेक फोटो-प्रोग्रॅममध्ये असतो. तुमच्या २००४ च्या फोटोंच्या तारखा पडताळून घ्या, त्या काळी कॅमेऱ्याचं घड्याळ कुणी लावत नसे आणि निम्मे वाढदिवस १ जानेवारीला झालेले दिसतात.

शेवटची गोष्ट खात्याची. पेटी कुणालाही उघडता येते, पासवर्ड लावलेलं खातं येत नाही. गूगलमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आणि ॲपलमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ अशी सोय आहे. तिथे घरातल्या एखाद्या माणसाचं नाव घातलं की तुमच्या पश्चात फोटो त्याच्या हाती जाऊ शकतात. ॲपलच्या बाबतीत त्या माणसाकडे एक ॲक्सेस की लागते. ती छापून फोटोंच्या पेटीतच ठेवा.